एक लाख चौतीस हजार किलोमीटरवर घेतलेली टर्बो पेट्रोल: पंधरा महिन्यांनंतरचा अनुभव

जालन्याच्या मोंढ्यात आमची आडत आहे. माल आला की मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि मगच भाव बोलायचा, हे मी शाळेत असल्यापासून करतोय. तरीही २०२४ च्या दसऱ्याला मी १,३४,००० किलोमीटर पळालेली गाडी बोनेटवर हात ठेवून घेतली, हाताला ते गरम लागलं, आणि तरी घेतली.

आधी गाडीबद्दल. २०१२ ची युरोपियन सेडान, १.८ लिटर पेट्रोल, टर्बो (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन, १६० पीएस (साधारण तेवढीच अश्वशक्ती), सहा गिअर मॅन्युअल. पुण्याचं पासिंग, माझ्या आधी दोन मालक. किंमत ३ लाख ६० हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर ही गाडी कधीतरी मलाच विकायची आहे, आणि दुसरं म्हणजे खाली जे लिहिलंय ते या जातीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना लागू पडतं.

तर ते बोनेट. मी सकाळी सहाला पोचलो होतो, मुद्दाम, कारण इंजिन थंड असताना पहिला स्टार्ट ऐकायचा असतो. विकणारा म्हणाला, आत्ताच देवदर्शनाला जाऊन आलो. दसऱ्याचा दिवस, कोण शंका घेणार? गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, आवाज लोण्यासारखा. दुसऱ्या दिवशी घरी, रात्रभर उभी राहिल्यावर, चावी फिरवली आणि पुढच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून हलवल्यासारखा आवाज आला. दोन-तीन सेकंद. मग गप्प. अण्णा ओट्यावर चहा पीत होते. म्हणाले, "बैल दात बघून घ्यायला शिकवलं तुला, अन् गाडी घेताना तोंडसुद्धा उघडून नाही पाह्यलंस?"

तो आवाज टायमिंग चेनचा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला या इंजिनात पट्टा नाही, साखळी आहे. ती ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली उतरतं, दाब यायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात लांबलेली साखळी लोंबकळते आणि खडखडते. ती दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग, भंगारात. गाडीतला कॉम्प्युटर पी००१६ कोड दाखवेपर्यंत वाट पाहू नका. तो कोड म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बिघडल्याची नोंद, तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

आमच्या भागातला फायदा असा की शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून युरोपियन गाड्या जोडल्या जातात. त्यामुळे संभाजीनगरात या इंजिनांना हात लावलेली माणसं सापडतात. माझे उस्ताद तसलेच, चिकलठाण्याकडे पत्र्याचं शेड, आत लॅपटॉप आणि मिनारासारखा रचलेला टायरांचा ढीग. त्यांनी स्टार्ट एकदाच ऐकला आणि चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवली. "शेठ, अब चलाना नक्को. पैले चेन." गाडी तिथेच सोडून मी बसने परत आलो. चेन, टेन्शनर, गाइड आणि त्यासोबत वॉटर पंप मिळून ६२ हजार. पंप चांगला असताना का बदलायचा, हे मी विचारलं होतं. त्यांनी पंपाचं प्लास्टिकचं घर दाखवलं, कडेला केसाएवढी चीर आणि गुलाबी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) वाळून झालेला मिठासारखा पापुद्रा. मी गप्प बसलो.

तो कूलंटचा विषय मराठवाड्यात स्वतंत्र आहे. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड, हे घरच्या हिटरची कॉइल काढून पाहिली की कळतं. तेच पाणी रेडिएटरमध्ये गेलं तर काय होईल? आधीच्या मालकाने कुठेतरी रस्त्यात ते भरलं असणार, कारण उस्तादांनी थर्मोस्टॅट काढला तेव्हा त्याच्या तोंडाशी चुन्याचा पांढरा थर होता, नखाने खरवडला तर भुकटी पडली. सगळी सिस्टिम धुऊन निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं भरलं. बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच पाणी.

आणि मग मे २०२५ मध्ये मीच ते पाप केलं. वडीगोद्रीमार्गे बीडला निघालो होतो. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला आणि कूलंटचा लाल दिवा लागला. दुपारचे दोन, बाहेर बेचाळीस. एका ढाब्याच्या सावलीत लावली. वरचा होज एका क्लिपपाशी सुटत होता, त्यातून वाफ. ढाबेवाला भला माणूस, बादली घेऊन धावत आला, "ओता साहेब, गार होईल." दाबाखालचं पाणी शंभर अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही, झाकण उघडलं की एकदम उकळून अंगावर येतं. म्हणून पाऊण तास बसलो. दोन चहा, एक पोहे. मग टॉवेलने झाकण धरून हळूहळू सोडलं, क्लिप आवळली आणि दुसरा इलाज नव्हता म्हणून बोअरचं दीड लिटर पाणी घातलं. बीडहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं काढून पुन्हा भरलं. तेव्हापासून डिकीत पाच लिटरचा डिस्टिल्ड पाण्याचा कॅन असतो.

आता कार्बन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं. जुन्या पद्धतीच्या इंजिनात ते इनटेक व्हॉल्व्हच्या मागून यायचं आणि येता येता व्हॉल्व्ह धुवायचं. इथे धुणारं कोणी नाही, आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, परत येणारी तेलाची वाफ त्या गरम व्हॉल्व्हवर बसून करपते. मी मॅनिफोल्ड (हवा आत नेणारे पाइप) काढल्यावर आत पाहिलं. व्हॉल्व्हच्या मागे खापराच्या तव्याच्या बुडासारखं काळं कवच. परदेशात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून हे साफ करतात. आमच्याकडे केमिकल, ब्रश, वाकवलेली तार आणि दोन दिवसांची मेहनत, ९ हजार रुपये. सिग्नलवर उभी असताना गाडी जी थरथरायची ती थांबली. या कामावरचा पैसा मला सगळ्यात वसूल वाटतो.

ठिणगी पाडणाऱ्या कॉइल आणि प्लगचं थोडक्यात सांगतो. एक्सलेटर दाबला की झटके आणि चेक लाइट लुकलुकणं म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. स्थिर दिवा असेल तर घरी जाता येतं, लुकलुकत असेल तर लगेच पाय काढा, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्याला, जाळतं. गाडीतले कोड वाचणारा हजार-दीड हजाराचा ओबीडी स्कॅनर घेऊन ठेवा. माझ्याकडे पी०३०२ आला, म्हणजे दुसरा सिलिंडर. तिथली कॉइल तिसऱ्यात घातली, कोड पी०३०३ झाला. कॉइलच मेली हे कळलं. चारही बदलल्या. नंतर एकदा पुन्हा तोच झटका आला तेव्हा मात्र उंदीर निघाला. आडतीवरची गाडी, गोदामात तूर आणि हरभरा, उंदरांना वायर काय नवीन? डांबरगोळ्या ठेवल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. आता रात्री बोनेट उघडं ठेवतो आणि गाडी गोदामापासून लांब लावतो, त्याने फरक पडला.

कापसाच्या हंगामात आणखी एक गोष्ट तपासा, जी मुंबई-पुण्याचा कोणी सांगणार नाही. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडणारी रुई. डिसेंबरमध्ये पुढचं बंपर काढलं तेव्हा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) आणि रेडिएटरच्या जाळीवर फाटक्या गोधडीसारखा थर होता. हवा आत जाणार कुठून? एअर फिल्टर मी दर ७ हजाराला पाहतो, १० हजाराला बदलतो.

सस्पेन्शन हे आपल्या भागात खर्चाचं खातं समजा. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डे दिसतात, चुकवता येतात. लाटा दिसत नाहीत, ऐंशीच्या स्पीडला गाडी एकदम खाली बसते. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंट असं मिळून ३४ हजार गेले. त्यात गावोगावी लोकांनी घातलेले स्पीड ब्रेकर. माझी गाडी बुडाला दोन ठिकाणी घासते, तिरकी घालून काढावी लागते. मागचा ट्रॅक्टरवाला हसतो. हसू दे.

क्लचने मात्र रडवलं. रिव्हर्समध्ये थरथर आणि इंजिन बंद करताना ठक्क असा आवाज. क्लचला लागून असलेली जड चकती, म्हणजे फ्लायव्हील, दोन तुकड्यांची असते, मध्ये स्प्रिंगा, त्या ढिल्या झाल्या की क्लचसोबत तेही बदलावं लागतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरने लाखाच्या वर आकडा सांगितला. बाहेर ७१ हजारात झालं. कोणी "फक्त प्लेट टाकून देतो" म्हणालं तर नमस्कार करून निघा, तीच मजुरी सहा महिन्यांत पुन्हा द्यावी लागेल.

बरं, एवढं सगळं कशासाठी? मांजरसुंबा घाट. तिसऱ्या गिअरमध्ये, दीड-दोन हजार आरपीएमवर, पाय जेमतेम दाबला की गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी चढते. टर्बो असल्यामुळे ताकद खालीच मिळते, ओरडावं लागत नाही. स्टिअरिंगमध्ये रस्ता हाताला कळतो. उसाची ट्रॉली पुढे असेल आणि पलीकडे तीनशे मीटर मोकळे दिसले, तर विचार पूर्ण व्हायच्या आत ती मागे पडलेली असते. हे सुख मी नव्या एसयूव्हीत शोधलं, मला मिळालं नाही.

समृद्धीवर उलट अनुभव. सगळ्यांना वाटतं अशी गाडी तिथे उडवायला मजा येत असेल. कारसाठी मर्यादा ताशी १२० आणि तेवढ्यावर ही सहाव्या गिअरमध्ये झोपते, मग आपणही झोपायला लागतो. तिथे इंजिनापेक्षा टायर महत्त्वाचे. काँक्रीट उन्हात तापलेलं, तासन्‌तास एकच वेग. टायरच्या कडेला डॉट लिहिलेलं असतं, त्याचे शेवटचे चार आकडे पाहा. माझ्या जुन्या टायरवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, विकणारा तीच दाखवत होता. पण रबर म्हातारं झालेलं, खाचांच्या तळाशी बारीक भेगा. चार नवे घेतले, २८,८०० रुपये. आकड्यापुढचं अक्षरही पाहून घ्या, एच म्हणजे २१० पर्यंत, व्ही म्हणजे २४०. आणि हवा पहाटे थंड टायरमध्ये भरा.

मे महिन्यात दुपारी गाडी आळसावते, हे खरं आहे. गरम हवा विरळ असते, इंटरकूलर तापलेला असतो, कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. सकाळी सहाची गाडी आणि दुपारी दोनची गाडी वेगळी वाटते. बिघाड नाही, घाबरू नका.

पेट्रोलचं विचाराल तर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज अर्धा-पाऊण किलोमीटरने उतरलं, इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते. ऊस आपल्याच भागातला, तक्रार कोणाकडे करणार? २०१२ ची गाडी या मिश्रणासाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाचे जुने रबरी पाइप उस्तादांनी बदलायला लावले. आता गावात साडेनऊ, हायवेला तेरा.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात गाडी आठ दिवस हलवली नाही. हवेची वाट खाली आहे, पुलावरून वाहणारं पाणी एकदा आत ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. ते दिवस अण्णांच्या बोलेरोने काढले. म्हणून स्पष्ट सांगतो, घरात दुसरी गाडी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

हिशेब वहीत आहे. पंधरा महिने, २७ हजार किलोमीटर, दुरुस्ती आणि सर्व्हिसिंग मिळून २,४५,३०० रुपये. किलोमीटरला नऊ रुपये पडले, जवळपास तेवढंच पेट्रोल. म्हणजे एक पंपवाल्याला, एक उस्तादांना. बघणाऱ्यांना ३ लाख ६० हजाराची गाडी दिसते, मला सहा लाखांची दिसते. घेणाऱ्याने अर्धी किंमत बाजूला काढूनच बोलणी करावी, आणि किलोमीटरपेक्षा बिलांची फाइल मागावी. दोन लाख पळालेली, फाइल असलेली गाडी मी डोळे झाकून घेईन. सत्तर हजार पळालेली, कागद नसलेली नाही घेणार. २०२७ मध्ये माझ्या गाडीला पंधरा वर्षं होतील, मग आरटीओत नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स. ते तेव्हा पाहू.

एक दुखणं शिल्लक आहे, ते लपवत नाही. गाडी तेल पिते. फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, कंपनी १५ हजाराला सांगते, मी साडेसात हजाराला बदलतो, तरी मधे हजार किलोमीटरला पाव लिटर टाकावं लागतं. उस्ताद म्हणतात, अर्धा लिटर झालं की पिस्टन रिंग, म्हणजे इंजिन खोलणं आलं. म्हणून दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, तेल मोजायची काडी काढतो, फडक्याला पुसतो, पुन्हा घालून पाहतो. मागच्या रविवारी तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. या रविवारी बीडची एक फेरी झाल्यावर खालच्या खुणेच्या नखभर वर. डब्यातलं उरलेलं ओतलं आणि नवा डबा आणायला निघालो.