शंभर मेगाबिटचे पोर्ट : स्ट्रीमिंग बॉक्सच्या काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टीव्हीला जोडून चित्रपट पाहण्यासाठी घेतलेल्या माझ्या या स्ट्रीमिंग बॉक्सचे चित्र उत्तम आहे, आवाज उत्तम आहे आणि मेनू कुठेही अडखळत नाही; त्याबद्दल इतरांनी पुरेसे लिहिले असल्यामुळे मी तो भाग इथेच सोडतो. मला लिहायचे आहे ते त्याच्या पाठीमागच्या लॅन पोर्टबद्दल, म्हणजे नेटवर्कची केबल जोडायच्या जागेबद्दल, कारण गेले काही महिने माझा सगळा त्रागा त्या एका जागेपाशी येऊन थांबतो आहे. हे पोर्ट १०० मेगाबिटचे आहे, म्हणजे त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १०० मेगाबिट माहिती जाऊ शकते. त्याच बॉक्समधले वायफाय मात्र राउटरशी ८६६ मेगाबिटच्या वेगाने जोडले जाते. ज्या यंत्रासोबतच्या पत्रकात ‘उत्तम अनुभवासाठी केबल वापरा’ अशी सूचना छापली आहे, त्याच यंत्रात केबलची जोडणी सर्वांत मंद असावी, हे मला कितीही विचार केला तरी पटत नाही.

सुरुवातीचे काही महिने या पोर्टबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. त्या काळात मी फक्त ऑनलाइन सेवा पाहत होतो. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस (सेकंदाला १५ मेगाबिट) किंवा त्याहून अधिक वेगाची शिफारस करते; इतर सेवांची गरज थोडीफार कमी-जास्त असली तरी ती शंभराच्या बरीच अलीकडे राहते. शिवाय या सेवा चित्रपट काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवतात आणि जोडणी मंदावली की पुढचा तुकडा कमी बिटरेटचा (सेकंदाला कमी माहिती लागणारा) मागवला जातो, त्यामुळे तिथे कमाल वेगापेक्षा वेगाच्या स्थिरतेला जास्त किंमत असते. वायफायवर असताना रात्रीच्या वेळी, आसपासची सगळी राउटर कामाला लागल्यावर, चित्र मधूनच धूसर होत असे. केबल जोडल्याबरोबर तो प्रकार थांबला. त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर मी पोर्टला पूर्ण गुण दिले असते, आणि ज्यांचे पाहणे ऑनलाइन सेवांपुरतेच आहे त्यांच्यासाठी माझे ते मत आजही कायम आहे.

मत बदलले ते घरातल्या सर्व्हरवरून (फायली साठवून इतर यंत्रांना पुरवणाऱ्या संगणकावरून) चित्रपट पाहायला लागल्यानंतर. माझ्या संग्रहातल्या अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे डिस्कच्या फायली मी कोणतीही काटछाट न करता सर्व्हरवर ठेवल्या आहेत. या डिस्कच्या मानकात १२८ एमबीपीएसपर्यंतच्या वेगाची मुभा आहे. पूर्ण चित्रपटाची सरासरी पाहिली तर ती बहुधा ५० ते ८० च्या दरम्यान भरते, आणि बॉक्सच्या निवडीत हीच सरासरी फसवी ठरते. दोन माणसे अंधाऱ्या खोलीत बोलत बसली असतील तर बिटरेट तीसच्या आसपास रेंगाळतो; पण मुसळधार पावसाचा प्रसंग आला, त्यात जुन्या फिल्मचा रवाळपणा जपलेला असला, की तोच आकडा शंभराच्या वर चढतो, कारण प्रत्येक चौकटीतला (फ्रेममधला) प्रत्येक थेंब नवा असतो आणि आधीच्या चौकटीतून उसने घेण्यासारखे फारसे काही उरत नाही.

प्लेअरची तांत्रिक माहिती पडद्यावर उघडी ठेवून मी असा एक प्रसंग पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. पाऊस सुरू होईपर्यंत बफरचा, म्हणजे पुढचे चित्र आगाऊ साठवणाऱ्या जागेचा, आकडा शंभर टक्क्यांवर स्थिर असतो. पाऊस सुरू झाला की तो उतरायला लागतो, आधी सावकाश, मग भराभर. शून्यावर आला की चित्र गोठते, गोल फिरणारी खूण दिसते, दोन-तीन सेकंदांनी चित्र पुढे सरकते आणि लगेच पुन्हा थांबते. संवादाचा प्रसंग आला की सगळे सुरळीत. बिघाड इतका नियमाने त्याच जागी येत असेल तर त्यामागे साधा हिशोब असतो.

तो हिशोब असा. १०० मेगाबिटच्या पोर्टमधून, दळणवळणाच्या व्यवस्थेतच खर्ची पडणारा वेग वजा जाता, प्रत्यक्षात सुमारे ९४ एमबीपीएस हाती लागतात. सर्व्हर आणि बॉक्स यांच्यामध्ये आयपर्फ हे वेग मोजणारे साधन चालवून पाहिले तेव्हा माझ्याकडेही हाच आकडा आला. प्रसंगाची गरज १२० ची असेल तर दर सेकंदाला २६ मेगाबिटची तूट पडते. बफर २० मेगाबाइटचा, म्हणजे १६० मेगाबिटचा असेल तर ती तूट तो जेमतेम सहा सेकंद भरून काढतो. बफर १०० मेगाबाइटपर्यंत वाढवला तर तीस सेकंद निभतात, पण पावसाचा प्रसंग तीस सेकंदांत संपायला हवा, अशी अट दिग्दर्शकाला कोण घालणार? आणि सरासरी शंभराच्या खाली असली तरी त्रास चुकत नाही. ८० एमबीपीएसच्या चित्रपटात पुढे उडी मारली की रिकामा झालेला बफर भरायला या पोर्टकडे फक्त १४ मेगाबिट शिल्लक राहतात आणि १६० मेगाबिट भरायला अकरा सेकंदांहून अधिक वेळ जातो. गिगाबिट (१००० मेगाबिटच्या) पोर्टवर प्रत्यक्ष वेग ९४० च्या आसपास असतो. तिथे, सर्व्हरची डिस्क साथ देत असेल तर, हेच काम पाव सेकंदात उरकते. पुढे-मागे करताना हा फरक हाताला लगेच जाणवतो, आणि माहितीपत्रकातल्या कोणत्याही आकड्यावरून तो आधी कळत नाही.

ग्राहक सेवेशी झालेल्या पत्रव्यवहाराने मनस्ताप वाढला. पहिल्या उत्तरात केबल बदलण्यास सांगितले. केबल सदोष असू शकते हे खरे आहे: १०० मेगाबिटला आठपैकी चारच तारा लागतात आणि गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळे बाकीच्या चारांपैकी एक तार तुटली की गिगाबिटची जोडणी मुकाट्याने शंभरावर उतरते. परंतु ज्या पोर्टची मर्यादाच शंभर आहे तिथे नवी केबल काय करणार? दुसऱ्या उत्तरात फॅक्टरी रीसेट सुचवला. मी तो केला, सगळी ॲप पुन्हा बसवली, सगळे पासवर्ड रिमोटने एकेक अक्षर निवडून भरले, आणि पाऊस त्याच जागी थांबला. तिसऱ्या उत्तरात इंटरनेटचा वेग वाढवून घ्या असा सल्ला आला. फाइल घरातल्या घरात सर्व्हरवरून बॉक्सकडे येते, तिचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंध नाही, हे मी सविस्तर लिहून कळवले; त्यावर उत्तर आले नाही.

या प्रश्नाला वायफाय हे उत्तर आहे का, तर अर्धेमुर्धे आहे. राउटर त्याच खोलीत असताना वायफायवर तोच पाऊस न अडखळता पार पडतो. पण ८६६ हा आकडा जोडणीचा असतो, प्रत्यक्ष वेग त्याच्या बराच खाली असतो, शिवाय एका राउटरवरची सगळी यंत्रे ती हवा वाटून घेतात आणि मध्ये एक भिंत आली तरी भरवसा उरत नाही. म्हणजे वेगवान पण बेभरवशाची जोडणी एकीकडे आणि भरवशाची पण तोकडी जोडणी दुसरीकडे, अशी निवड कंपनीने ग्राहकाच्या माथी मारली आहे. वाचवले काय, तर एका चिपच्या किमतीतला किरकोळ फरक. १०० मेगाबिट इथरनेटचे मानक १९९५ चे आहे आणि तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचे मानक १९९९ चे. हे तंत्र नवे नाही, दुर्मिळ नाही आणि महागही राहिलेले नाही.

शेवटी मी गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर, म्हणजे यूएसबी पोर्टला नेटवर्कची केबल जोडून देणारे साधन, घेतला. बॉक्सचे यूएसबी पोर्ट २.० प्रकारचे आहे, त्यामुळे ४८० मेगाबिटची कमाल मर्यादा तिथेच आली; प्रत्यक्षात तीनशेच्या वर वेग मिळतो आणि या कामाला तो पुरून उरतो. बफरचा आकडा आता पावसातही हलत नाही. अडचणी दोन आहेत. बॉक्सला एकच यूएसबी पोर्ट असल्यामुळे पूर्वी तिथे जोडलेली हार्ड डिस्क काढावी लागली. दुसरे म्हणजे अडॅप्टरमधल्या चिपचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर) बॉक्समध्ये असावा लागतो, त्यामुळे आपल्या बॉक्सवर कोणती चिप चालते हे आधी पाहूनच खरेदी करावी. जे काम मूळ पोर्टने करायचे त्यासाठी वेगळा खर्च करावा लागला, हे मला अजूनही खटकते.

बाजारात सगळेच असे करत नाहीत. ॲपल टीव्ही ४के २०१७ मध्ये आला तो गिगाबिट पोर्ट घेऊनच, मात्र २०२२ च्या स्वस्त आवृत्तीतून त्यांनी पोर्टच काढून टाकले. गूगलच्या २०२४ च्या टीव्ही स्ट्रीमरला गिगाबिट पोर्ट आहे, एनव्हीडियाच्या शील्ड बॉक्सला कितीतरी आधीपासून आहे. २.५ गिगाबिटची मागणी मात्र मला अनाठायी वाटते, कारण या बॉक्सवर चालणाऱ्या कोणत्याही चित्रपटाला त्याची गरज नाही. दुसरीकडे, ऑनलाइन सेवांना शंभर कायम पुरतील असेही मी छातीठोकपणे सांगणार नाही: सोनीची ब्राव्हिया कोअर ही सेवा ८० एमबीपीएसपर्यंतचे चित्र देऊ लागली, तेव्हा त्या दर्जासाठी किमान ११५ एमबीपीएसची जोडणी असावी असे सोनीनेच सांगितले होते.

बॉक्स घेताना खोक्यावर नुसते ‘इथरनेट’ लिहिलेले असेल तर त्यावर विसंबू नये. तपशिलात १०/१००/१००० असे असेल तरच ते गिगाबिट समजावे, नुसते १०/१०० असेल तर पोर्ट माझ्यासारखेच. तपशील मिळत नसेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी केबल जोडून राउटरच्या पानावर त्या पोर्टचा जोडणी-वेग पाहून घ्यावा. केबल धड असताना आणि राउटरचे पोर्ट गिगाबिटचे असतानाही तिथे १०० दिसत असतील आणि घरात सर्व्हर असेल, तर बॉक्स परत करावा. माझ्या बॉक्सची ती मुदत ऑनलाइन सेवा पाहण्यातच निघून गेली होती, म्हणून तो अडॅप्टरसह माझ्याकडेच आहे.