ईसीसी ८३ की ईसीसी ८२? व्हॉल्व्हचा प्रीअँप घेण्याआधी आणि लावताना

नेरूळचा माझा मावसभाऊ लॅमिंग्टन रोडला दोन तयार प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी लागणारा, सिग्नल सांभाळणारा भाग) बोर्ड पाहून आला. एक ईसीसी ८३ व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे सिग्नल वाढवणारी काचेची नळी), दुसरा ईसीसी ८२चा. "दादा, कुठला घेऊ?" एवढंच त्याने विचारलं. हे दोन्ही प्रकार मी नौपाड्यातल्या घरी स्पीकर चालवणाऱ्या एकाच ट्रान्झिस्टर पॉवर अँपला आलटूनपालटून जोडून पावसाळाभर ऐकलेत आणि मोजलेत. त्यामुळे उत्तर लांबलं.

यांची अमेरिकन नावं १२एएक्स७ आणि १२एयू७. दिसायला जुळी भावंडं: नऊ पिना, तोच सॉकेट, तोच हीटर (आतली तापणारी तार). पण ८३चा वर्धनांक (सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढेल तो आकडा) १०० आणि आतला रोध सुमारे ६२ किलोओहम. ८२चा वर्धनांक १७ ते २० आणि रोध सुमारे ७.७ किलोओहम. "गोड", "उबदार" हे शब्द तूर्त बाजूला ठेवा. निवड या आकड्यांवर होते.

सीडी प्लेअर जास्तीत जास्त २ व्होल्ट देतो. पुष्कळशा पॉवर अँपना पूर्ण ताकदीने वाजायला १ व्होल्टच्या आसपास पुरतो. म्हणजे वाढवायचं काहीच नाही, उलट कमी करायचंय. ८३ची नेहमीची स्टेज (वाढ देणारा टप्पा) जवळपास ६० पट वाढवते, म्हणून व्हॉल्यूमच्या पॉटला (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरला) सिग्नल आधी १२० पट खाली आणावा लागतो. बटण जरा हललं की आवाज खोलीभर. शिवाय पॉटच्या त्या अगदी तळच्या भागात डाव्याउजव्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि गायक एका बाजूला सरकतो. ८२ची स्टेज, कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाच्या) रेझिस्टरवर कपॅसिटर न लावता, दहाएक पटच वाढवते. तीही जास्त वाटली तर १०० किलोओहमच्या पॉटआधी २२० किलोओहमचा रेझिस्टर घाला, आणखी १० डीबी (डेसिबल, पातळीचं माप) उतरतात.

दुसरा मुद्दा केबलचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक. ८३च्या प्लेटवर (सिग्नल बाहेर येतो त्या टोकावर) १०० किलोओहम असेल तर आउटपुटचा रोध ३८ किलोओहमच्या घरात जातो. प्रीअँपपासून पॉवर अँपपर्यंत ३ मीटर केबल टाकली आणि तिची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर १४ किलोहर्ट्झपासूनच वरचे सूर ३ डीबीने पडलेले असतात. सतारीच्या तरफा मला मंद वाटत होत्या, कारण हे होतं. वर पॉवर अँपचा इनपुट १० किलोओहमचा असेल, तर ८३चा बहुतेक सिग्नल स्वतःच्याच रोधात संपतो. पुढे कॅथोड फॉलोअर (आउटपुटचा रोध कमी करणारी जास्तीची स्टेज) जोडलेला असेल तर ही अडचण राहत नाही; भावाने पाहिलेल्या बोर्डावर तो नव्हता.

मग ८३ कशासाठी? एलपीसाठी. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईचा सिग्नल देणारा भाग) ५ मिलिव्होल्टच्या आसपास देतं. त्याला १ किलोहर्ट्झला ४० डीबी वाढ हवी, आणि आरआयएए या तबकड्यांच्या ठरलेल्या वक्राप्रमाणे २० हर्ट्झला त्याहून १९ डीबी जास्त. तिथे ८२ थकतो. घरात तबकड्या असतील तर फोनो स्टेज (तबकडीचा सिग्नल वाढवणारी) ८३ची, पुढची लाइन स्टेज (सीडीसारखे सिग्नल घेणारी) ८२ची.

आता लावण्याचं काम. आत २५० ते ३०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून ते रिकामे करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. चालू असताना मोजायचं तर एकच हात, दुसरा पाठीमागे.

पहिलं माप हीटरचं. आमच्याकडे रात्री उशिरा प्लगला २४५ व्होल्ट मिळतात. ट्रान्सफॉर्मर २२० वर गुंडाळलेला असेल तर ६.३ ऐवजी ७ व्होल्ट येतात, १० टक्क्यांची मर्यादा ओलांडते आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. दोन व्हॉल्व्ह मिळून ०.६ अँपिअर घेतात, १.२ ओहम, २ वॅटचा एक रेझिस्टर हीटरच्या ओळीत (सिरीजमध्ये) टाकला की माप जागेवर येतं.

मग कॅथोड. ८३ला १.५ किलोओहमवर १.२ व्होल्ट दिसले तर करंट ०.८ मिलिअँपिअर, म्हणजे प्लेटच्या १०० किलोओहमवर ८० व्होल्ट पडायला हवेत. हिशोब जुळला नाही तर कुठलातरी रेझिस्टर बिघडलाय. सॉकेट एकच म्हणून ८३ काढून ८२ खोचू नका. तो दुप्पट करंट ओढतो आणि प्लेट खूप खाली बसते. दोन्ही रेझिस्टर बदलावेच लागतात.

डावीउजवी बाजू जुळवायला १ किलोहर्ट्झचा टोन वापरायची पद्धत आहे. पण स्वस्त मल्टिमीटर एसीवर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात, म्हणून फोनवरून २०० हर्ट्झचा टोन द्या. फरक ६ टक्के म्हणजे अर्धा डीबी, तेवढा चालतो.

हम (विजेची गुणगुण) तपासायला मी तानपुरा लावतो. काळी एकच्या तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार १०४ हर्ट्झला असते, आणि फिल्टर नीट नसेल तर सप्लायचा हम बरोबर १०० हर्ट्झला येतो. पंचम उतरल्यासारखा, सेकंदाला चार हेलकावे घेणारा वाटला तर दोष तानपुऱ्याचा नाही, फिल्टरचा आहे. इथे दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच, पण ८३ची वाढ जास्त असल्याने इनपुटच्या वायरीत शिरलेला हम त्यात आधी ऐकू येतो.

खाडीकाठच्या दमट हवेत सॉकेटच्या पिना काळवंडतात, तेव्हा गणपतीनंतर एकदा क्लीनर मारायचा.

भाऊ शनिवारी वाशीहून गाडी पकडून ८२चा बोर्ड आणायला जातोय. चिठ्ठीत मी आउटपुटचे कपॅसिटरही लिहून दिलेत: बोर्डावरचे ०.२२ मायक्रोफॅरडचे त्याच्या १० किलोओहमच्या अँपपुढे ७२ हर्ट्झखालचा तबल्याचा बायाँ गिळतील, म्हणून २ मायक्रोफॅरडचे. आणि ४०० व्होल्टच्या खालचे घेऊ नको, कारण व्हॉल्व्ह तापेपर्यंत सप्लाय ३०० च्या वर चढलेला असतो.