फिश टँकचा १०० वॅटचा हिटर: ग्वाल्हेरचे अकरा महिने आणि दोन रबरी वाट्यांचा छळ

परवा रात्री साडेनऊला घरातली एमसीबी पडली. वर केली, पुन्हा पडली. एकेक प्लग काढत गेले तेव्हा चोर सापडला, टँकचा हिटर. काचेच्या नळीत आतून दव धरलेलं आणि तळाशी चमचाभर पाणी. घेऊन अकरा महिने झाले, पण चालला किती? डिसेंबरअखेर ते मार्चचा मध्य, आणि आता नोव्हेंबरातले दहा दिवस. म्हणजे तीन महिनेसुद्धा नाही. म्हणून हे लिहायला बसले.

टँक मुळात मुलाचा. दोन फूट बाय एक बाय एक, पाणी साधारण पन्नास लिटर. तो नोकरीला पुण्याला गेला आणि हे लोढणं माझ्या गळ्यात आलं. दोन एंजल, पाच-सहा गप्पी, सहा झेब्रा. गेल्या वर्षी फोनवर हिटरचं विचारलं तर म्हणाला, "आई, कशाला खर्च? इथे कुणीच लावत नाही." पुण्यात नसतील लावत. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जुन्या दगडी भिंतींचं. जानेवारीत पारा पाच-सहावर येतो, कोहरा पडला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. मलाही तेव्हा वाटलं, मासे पाण्यातलेच, त्यांना कसली थंडी! सातशे रुपये वाचले म्हणून खूशही झाले.

डिसेंबरात एंजल तळाला जाऊन बसले. खायला घातलं तर तसंच पडून राही आणि पाणी गढूळ होई. झेब्रा मात्र मजेत. ते आपल्याकडच्याच गंगेच्या खोऱ्यातले, सतरा-अठरा अंश त्यांना चालतात. एंजल ॲमेझॉनचे, त्यांना चोवीस ते अठ्ठावीस हवेत. माझ्या टँकमध्ये सकाळी होते पंधरा. मग एका गप्पीच्या शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, चार दिवसांत सगळ्यांच्या अंगावर. थंडीने माशांची ताकद गेली की हा परजीवी डोकं वर काढतो. दोन गप्पी गेल्या. त्याच संध्याकाळी बाड्याच्या बाजारात जाऊन हिटर आणला.

आता हिटरबद्दल. पाणी तापवतो, त्यात वाद नाही. पन्नास लिटर पाणी एक अंशाने चढवायला १०० वॅटला पस्तीस मिनिटं लागतात, तीही उष्णता बाहेर गेली नाही असं धरून. मी पहिल्या दिवशी तीन तासांत टँक गरम होईल म्हणून वाट बघत बसले होते. खरं तर पंधराचे पंचवीस दोन दिवसांत सावकाश करायचे असतात, एकदम चढवलं तर मासे आणखी घाबरे होतात. ठिपक्यांचं औषध चालू असताना पाणी उबदार असलं की तो परजीवी लवकर माशाला सोडून पाण्यात उतरतो, आणि औषध त्याला तिथेच मारतं. उरलेले सगळे वाचले.

डायल मात्र खोटारडी. पंचवीसवर ठेवली तर थर्मामीटर अठ्ठावीस दाखवतो. बावीसवर ठेवली की पंचवीस मिळतात. एकदा कळलं की हरकत नाही, पण शंभर रुपयांचा थर्मामीटर घेतला नसता तर कळलं कसं असतं?

आणि आता त्या वाट्या. हिटर काचेला चिकटवायला दोन रबरी सक्शन कप येतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री 'टक्' आवाज आला. हिटर सुटून खड्यांवर आडवा. पुन्हा चिकटवला, सकाळी पुन्हा आडवा. हात लावला तर रबर वाळक्या चामड्यासारखं. अहो, वस्तू गरम होणारी, तिच्याच अंगावरचं रबर उष्णतेने कडक होतं, हे बनवणाऱ्याला कळू नये? गरम पाण्यात भिजवून मऊ केलं, दोन दिवस टिकलं. गोंद लावायची सोय नाही, मासे मरतील. शेवटी वायरला कपड्याचा चिमटा लावून टँकच्या काठाला अडकवला. तोही तिरका होई आणि पाणी आटलं की नळीचं डोकं उघडं पडे. नुसत्या वाट्या दुकानात मागितल्या तर, "अलग से नहीं आते, मॅडम." दहा रुपयांच्या रबरासाठी नवा हिटर घ्यायचा का? दीड महिना मी रात्री पाण्याला उठले की आधी टॉर्च टँकवर.

विजेचं सगळे विचारतात. थंडी कडक होती तेव्हा दिवसाला दीड युनिटच्या आसपास. दोन किलोवॅटचा गिझर पाऊण तास चालला की तेवढंच जातं. सासूबाई म्हणाल्या, "माशांना बंब आणि आम्हाला गोधडी." मग टीव्हीच्या खोक्यातलं थर्मोकोल टँकच्या मागे आणि खाली सरकवलं, वर काच ठेवली, आणि हिटरचा लाल दिवा बराच वेळ विझलेला दिसू लागला. वीज गेली तर गोधडीच गुंडाळायची. मोठ्या टँकचं पाणी हळूहळू निवतं, दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही.

पाणी बदलताना आधी प्लग काढून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, नाहीतर तापलेली काच तडकते. तिघरा धरणाचं नळाला येणारं पाणी रात्रभर बादलीत ठेवावं लागतं आणि सकाळी ते बर्फ असतं. मी पातेलंभर गॅसवर कोमट करून त्यात मिसळते.

एप्रिलमध्ये मी लिहिलं असतं तर "हिटर घ्याच" असं लिहिलं असतं. आता एवढं सरसकट म्हणणार नाही. गोल्डफिश असतील तर गरज नाही, ते थंड पाण्याचेच. नुसते झेब्रा असतील आणि टँक आतल्या खोलीत असेल तरी चालून जाईल. एंजल, गप्पी, फायटर असतील तर ग्वाल्हेरात हवाच. आमच्याकडे खूण सोपी आहे. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. न्हाणीघरातली बाटली पांढरी झाली की हिटर लावायचा.

राहिली वॉरंटी. एक वर्षाची, बिल माझ्याकडे जपून ठेवलेलं. दुकानदाराने कंपनीला फोन लावला आणि मला सांगितलं, "पानी अंदर चला गया है, वॉरंटी में नहीं आएगा." मी म्हटलं, भाऊ, ही वस्तू पाण्यातच राहायची आहे ना? त्याने पुन्हा फोन लावला. तिकडून तेच. पाऊण तास मी काउंटरसमोरून हलले नाही, मागे गिऱ्हाईकं साचली. शेवटी त्याने कंपनीचा नाद सोडला, दुसऱ्या कंपनीचा हिटर शंभर रुपये कमी करून दिला, आणि ड्रॉवरमधून एक पुडी काढून फुकट हातावर ठेवली. सहा सक्शन कप. फेब्रुवारीत हे कुठे होते, असं विचारलं तर हसला.

घरी येऊन बघते तर नव्या हिटरची नळी जाड. कप त्याला बसत नाहीत.