बीगल की कारवान? मुंबईच्या फ्लॅटमध्ये शिकारी जातीचं कुत्रं घेताना

शिकार कोणालाच करायची नाहीये, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सशामागेही कुत्रं सोडायचं नसतं, हे धरूनच लिहितोय. पण ज्यांना शिकारी जातींचा चपळपणा आवडतो आणि राहायचंय मुंबईत, त्यांचं बघून बघून शेवटी दोन नावांवर अडतं, बीगल आणि आपला कारवान, म्हणजे कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात तोच. मी दोन्हींबरोबर राहिलोय. ताई परदेशात होती तेव्हा तिचा ब्रुनो, बीगल, आठ महिने आमच्याकडे मुलुंडला होता, आणि आता चार वर्षं झाली राणी आहे, सांगली जिल्ह्यातून मामांच्या ओळखीने आणलेली कारवान. दोनच कुत्र्यांवरून बोलतोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

सगळे सांगतात की फ्लॅट असेल तर बीगल घ्या, लहान असतो. मला वाटतं उंचीवरून हे ठरवू नये. राणी खांद्यापाशी दोन फुटांच्या वर आहे पण सकाळचं पळणं झालं की दिवसभर दिवाणावर पडून असते, घरात आहे हे कळतही नाही. ब्रुनो एकटा राहिला की गळा काढायचा. त्याचा दोष नाही, बीगल कळपाने सशाचा माग काढायचे आणि मागून चालत येणाऱ्या माणसांना त्यांच्या आवाजावरून दिशा कळायची, म्हणजे आवाज देणं हे त्यांचं कामच होतं. पण शेजारच्या काकूंना हे समजावणं अवघड जातं.

तरी आवाजाचं मी जमवून घेतलं असतं. माझं ठरलं ते नाकामुळे. घरात ब्रुनो इतका हुशार की एका फुटाण्यासाठी बस, थांब, ये सगळं करायचा, दोन आठवड्यांत शिकला. आणि गेटच्या बाहेर पाऊल पडलं की नाक जमिनीला आणि कान बंद. आपल्या फूटपाथवर काय नसतं, वडापावचे कागद, मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर काटे, रात्रीच्या चायनीजच्या गाडीखाली कोंबडीची हाडं, आणि त्याला हे सगळं वीस पावलं आधी कळायचं, मला तोंडात गेल्यावर. एकदा हाड गिळलं, दोन दिवस डॉक्टरकडे फेऱ्या. त्यानंतर मी फिरायला निघालो की सगळा वेळ जमिनीकडेच बघत चालायचो आणि तरी उशीर व्हायचाच, कारण जो वास त्याला येतोय तो मला येतच नाही.

कारवान डोळ्याने शिकार करणारा आहे. राणीला मांजर दिसलं तर ते मलाही दिसतं. तिचे कान उभे होतात, मान ताठ होते, अंग थिजतं, आणि तो एक सेकंद मला मिळतो तिला हाक मारायला. ट्रेनिंगमध्ये हा एक सेकंद खूप मोठा असतो. मांजर गाडीखाली गेलं की विषयही संपतो, वासाचं तसं नाही, तो तिथेच राहतो.

म्हणजे कारवान शिकवायला सोपा आहे असं नाही. उलट हळू आहे. पाच मिनिटांच्या वर कंटाळतो, आणि आवाज चढवला की रुसतो. मी एकदा ओरडलो तर राणी संध्याकाळपर्यंत जवळ आली नव्हती. आम्ही शिट्टी लावली, आधी घरात, मग जिन्यात, मग मैदानात दहा मीटरच्या दोरीवर, शिट्टीला आली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, दुसऱ्या कशाला तो तुकडा कधीच नाही. काठीला दोरीने चिंधी बांधून ती पळवायची, तिने पकडली की "सोड" म्हणून परत घ्यायची, हा खेळ सगळ्यात जास्त उपयोगी पडला. आणि तरीही चारी बाजूंनी बंद जागा नसेल तर पट्टा काढायचा नाही, शिवाजी पार्क मोठं असलं तरी रस्ता तिथून या कुत्र्याला काही सेकंदांवर आहे. पट्टासुद्धा ओढला की थोडा आवळणारा रुंद घ्या, यांचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं, साध्या पट्ट्यातून मागे सरकत निघून जातात. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा, अंगावर चरबी कमी असल्याने कारवानसारख्या सडपातळ कुत्र्यांना भूल देताना जास्त काळजी घ्यावी लागते.

बीगल कोणी घ्यावा तर ज्यांच्या घरात दिवसभर माणसं आहेत, लहान मुलं आहेत, आणि ज्यांना नाकाचे खेळ खेळायला वेळ आहे. ताई आता टॉवेलच्या गुंडाळीत, खोक्यांत खाऊ लपवते, ब्रुनो अर्धा तास शोधतो आणि मग गाढ झोपतो, तिच्याकडे तो खरंच सुखात आहे. अमेरिकेत विमानतळावर सामान हुंगायला बीगल ठेवतात ते उगाच नाही. पण सकाळी पाऊण तास बाहेर आणि मग दिवसभर ऑफिस असं ज्यांचं आहे त्यांना मी तरी कारवानच सांगेन.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आई-बाप दोघांना बघा, अनोळखी माणसाला बघून आई कोपऱ्यात दबत असेल तर पिल्लू नका घेऊ, कारवान मुळात लाजरा असतो पण भित्रा नको. आठ आठवड्यांच्या आत तर नकोच. आणि शक्यतो दिवाळीनंतर आणा, जून-जुलैमध्ये रस्त्यावर पाणी साचलेलं असतं, लेप्टोची, म्हणजे त्या घाण पाण्यातून होणाऱ्या आजाराची भीती, लसी पूर्ण झालेल्या नसतात, आणि ज्या दिवसांत त्याला बाहेरचं जग दाखवायचं ते सगळे घरातच जातात.