काटा हळू सरकतो तेव्हा: दोन वजनकाट्यांसोबतचे नऊ महिने

नऊ महिन्यांपूर्वी मी एकाच दिवशी दोन काटे घेतले. एक उभं राहून वजन करायचा, दुसरा ओट्यावरचा: ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा. तेव्हा माझं वजन ८४.६ किलो होतं. काल संपलेल्या आठवड्याची सरासरी ७६.९ आली. म्हणजे ३९ आठवड्यांत ७.७ किलो, आठवड्याला जेमतेम २०० ग्रॅम. ज्यांचं वजन याच वेगाने उतरतंय आणि आपलं काहीतरी चुकतंय असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिले चार महिने मलाही तसंच वाटत होतं. दोन वेळा तर सगळं सोडून द्यायचं मनात पक्कं झालं होतं.

आधी उभं राहायच्या काट्याबद्दल. मी रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काहीही खाण्यापिण्याआधी वजन करते. काटा एकाच फरशीवर ठेवलेला असतो. गालिच्यावर किंवा हलणाऱ्या लादीवर ठेवला तर आकडा भरवशाचा राहत नाही, कारण चारही पायांवर भार नीट पडत नाही. एवढी काळजी घेऊनही एका बुधवारी ८२.१ आणि गुरुवारी ८३.३ असं दिसलं. मी तिथेच उभी राहून दोनदा उतरले, चढले. आकडा तोच.

त्या दिवशी मी पहिल्यांदा कागदावर हिशोब मांडला. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. एका रात्रीत १.२ किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा ९,००० हून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. तसं काहीच झालं नव्हतं. आदल्या रात्रीचं जेवण खारट होतं, उशिरा झालं होतं आणि पाळी तीन दिवसांवर होती. मीठ पाणी धरून ठेवतं. पाळीआधी अनेकींच्या अंगात पाणी साठतं. पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ले की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी येतं. काटा हे सगळं प्रामाणिकपणे मोजतो, पण चरबी आणि पाणी वेगळं करून दाखवणं त्याच्या हातात नाही. म्हणून आता मी सात दिवसांचे आकडे लिहून सरासरी काढते आणि तिची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करते. पाळी येणाऱ्यांनी तर महिन्याचीच तुलना करावी, नाहीतर दर महिन्याला एक आठवडा विनाकारण रडवेला जातो.

याच काट्यावर अंगातल्या चरबीची टक्केवारीही दिसते. तिच्याकडे मी बघायचं सोडलं. तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून तो अंदाज बांधतो, आणि शरीरात पाणी किती आहे यावर तो अंदाज बदलतो. सकाळी ३८.४ टक्के आणि त्याच संध्याकाळी ३६.९ टक्के, असंही मला दिसलं आहे. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. बेंबीच्या रेषेत, श्वास सहज सोडून, दर पंधरा दिवसांनी मोजा. माझी कंबर ९८ सेंटिमीटर होती, आज ८९ आहे.

आता ओट्यावरचा काटा. माझ्या मते खरा फरक यानेच पाडला.

माझा समज होता की मी भाजीला एक चमचा तेल घालते. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरीच्या आसपास. पहिल्याच आठवड्यात मी रिकामी कढई काट्यावर ठेवली, शून्य केलं आणि रोजच्या सवयीने बाटलीतून तेल सोडलं. आकडा आला २७. जवळपास दुप्पट, २४३ कॅलरी, आणि हे दिवसातून दोनदा. हातात चमचा नव्हताच; डोळ्यांना सवय झालेली एक धार होती. आता कढई गरम असली तरी अडत नाही. बाटली काट्यावर ठेवून शून्य करायचं, बाटली उचलून तेल ओतायचं आणि पुन्हा ठेवायची. उणे जितके ग्रॅम दिसतील तितकं तेल गेलं. तूप, लोणी, दाणे, साखर, सगळं असंच मोजते. पालेभाज्या, काकडी वगैरे मी कधीच मोजल्या नाहीत, गरजही पडली नाही.

हे फक्त माझंच होतं असं नाही. १९९२ मध्ये संशोधक स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा लोकांना तपासलं, ज्यांच्या म्हणण्यानुसार १,२०० पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नव्हतं. त्यांची शरीरं नेहमीसारखीच ऊर्जा खर्च करत होती. मात्र ते सरासरी ४७ टक्के कमी खाणं सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. मी हे वाचलं तेव्हा मन हलकं झालं. ती माणसं खोटं बोलत नव्हती, अंदाजाने जगत होती. तसंच मीही.

तरीही वेग अपेक्षेपेक्षा कमीच राहिला. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलो, हे गणित सगळीकडे सांगितलं जातं. त्याचं मूळ मॅक्स विश्नॉफ्स्की या डॉक्टरांच्या १९५८ च्या हिशोबात आहे. ते पहिल्या काही आठवड्यांपुरतं ठीक, पण पुढे चालत नाही. वजन उतरलं की हलकं शरीर कमी ऊर्जा खर्च करतं, नकळत हालचालही मंदावते. संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २०११ मध्ये हे बदल धरून गणिती प्रारूप मांडलं आणि त्यात वजनाची रेषा हळूहळू सपाट होत जाते. माझे ७.७ किलो नऊ महिन्यांवर वाटले तर रोजची सरासरी तूट निघते फक्त २२० कॅलरी. कागदावर मी ५०० धरले होते. उरलेलं सणावारांत, आजारपणात, शेवटच्या दोन घासांत आणि शरीराच्या काटकसरीत गेलं. पण २२० कॅलरी म्हणजे माझ्या ओट्यावरच्या एका वेळच्या तेलापेक्षाही कमी, हे बघितल्यावर मला तो आकडा हाताबाहेरचा वाटेनासा झाला.

सगळ्यात वाईट काळ पाचव्या महिन्यात आला. २३ दिवस काटा ८०.२ च्या आगेमागे अडकून. नेमकं तेव्हाच मी आठवड्यातून दोनदा वजन उचलायचा व्यायाम सुरू केला होता. मांड्या इतक्या दुखायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. मेहनत वाढली आणि वजन ढिम्म. वजन लिहायला घेतलेल्या ॲपवर रोज लाल बाण यायचा, त्याखाली ‘ध्येयापासून दूर’ असं वाक्य. ते बघून एका सकाळी मी खरंच रडले आणि मग ते ॲप काढून टाकून वही घेतली. वहीत टेपचे आकडे बघितले तर त्याच काळात कंबर २ सेंटिमीटरने उतरलेली! नव्या व्यायामाने ताणलेले स्नायू काही काळ पाणी धरून ठेवतात, त्यामुळे चरबी जात असूनही काट्यावर ते उमटत नाही. चोविसाव्या दिवशी ७९.१ दिसलं. दरम्यान मी जेवणात काहीही बदललं नव्हतं.

चालण्याबद्दल थोडक्यात: मी आठवड्यातले पाच दिवस ४० मिनिटं चालते. त्यातून दीडशे-दोनशे कॅलरी जातात, म्हणजे मूठभर दाण्यांइतक्या. वजन त्याने फारसं उतरत नाही, ते ताटातूनच उतरतं. पण झोप, मूड, धाप लागणं यांत पडलेला फरक इतका मोठा आहे की काटा वर्षभर हलला नाही तरी मी चालणं सोडणार नाही.

तुलना करायचीच असेल तर कशाशी करायची? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला २०१८ चा एक अभ्यास मला उपयोगी पडला. ६०९ माणसं, अर्धी कमी चरबीच्या आहारावर, अर्धी कमी कर्बोदकांच्या, वर्षभर तज्ज्ञांची साथ. वर्षाअखेरीस सरासरी घट ५.३ आणि ६ किलो. दोन्ही आहारांत म्हणण्यासारखा फरक नाही. मात्र माणसामाणसांत फरक प्रचंड, काहींचं तर वजन वाढलं. हे वाचल्यावर महिन्यात दहा किलोचे दावे मी वाचायचेच बंद केले.

काट्यांबद्दल तक्रारी आहेत. ओट्यावरचा काटा दोन मिनिटांत आपोआप बंद होतो आणि शून्य केलेलं विसरतो. हात पिठाचे असताना याचा फार त्रास होतो. २-३ ग्रॅम एखादी वस्तू थेट ठेवली तर कधी कधी दाखवतच नाही, आधी जड भांडं ठेवून शून्य करावं लागतं. उभा काटा सातव्या महिन्यात सलग चार दिवस वेडेवाकडे आकडे दाखवत होता, सेल बदलल्यावर सुधारला. रोज पाण्याने भरलेली एकच बाटली दोन्हीवर ठेवून बघायची सवय लावली असती तर ते पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ज्यांना खाण्याबद्दल अपराधी वाटण्याचा, उपाशी राहण्याचा किंवा खाऊन ओकण्याचा त्रास कधी झाला असेल, त्यांनी हे मोजमाप डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्यांनीही नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, नाहीतर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

दोन्हींपैकी एकच काटा घ्यायचा असेल तर ओट्यावरचा घ्या. १ ग्रॅमचा फरक दाखवणारा, वरचा भाग सपाट आणि पुसता येईल असा, आणि बंद व्हायची वेळ निदान पाच मिनिटं असलेला. पहिल्या दिवशी जेवणात काहीच बदलू नका. रोजच्यासारखंच तेल ओता आणि किती पडलं ते लिहून ठेवा.