नाताळचा डबा आणि 'दुःखाचे घर' : ठाण्यातील एका महिला मंडळाच्या सेवेविषयी

ठाण्यातील एका कॅथलिक धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील भाविकांचे, महिला मंडळ आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळातील, पहिल्या रविवारी, सकाळच्या मिस्सा या उपासनेनंतर, चर्चच्या आवारात टेबल मांडून नाताळच्या फराळाची नोंदणी सुरू करते. मंडळाचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही, कारण पुढे एक तक्रार मांडायची आहे आणि ती कोणाला उघडे पाडण्यासाठी नाही. डब्यात कलकल म्हणजे शंखासारखे वळून तळलेले गोड तुकडे, नेवऱ्या म्हणजे करंज्या, पेराद म्हणजे पेरूची वडी, काजूचे मार्झिपान, खजुराचे रोल आणि फळांच्या केकचा एक जाड तुकडा असतो. नोंदणी करतानाच आगमनकाळाच्या चार रविवारांसाठी चार छापील पत्रके हातात दिली जातात. सांत्वन, दयाळूपणा आणि दान या विषयांवरची ही छोटी चिंतने आहेत. शेवटचे पत्रक प्रत्यक्ष ख्रिस्तजन्मावर आहे.

आधी पदार्थांविषयी, कारण पैसे आपण त्यांचेच देतो. कलकल उत्तम. काट्याच्या पाठीवर दाबून वळलेल्या प्रत्येक शंखावर रेघा स्पष्ट उमटलेल्या असतात, साखरेचा पाक पातळ आणि सगळीकडे सारखा बसलेला असतो, आणि नारळाच्या दुधाची चव तळणानंतरही टिकून राहते. पेराद तर या डब्याचा मानबिंदू म्हणावा असा आहे. तो गर्द तांबडा, सुरीला न चिकटणारा आणि पेरूचा किंचित आंबटपणा राखून शिजवलेला आहे. मार्झिपान मात्र गोडमिट्ट आहे; साखर थोडी आवरली असती तर काजूची चव कळली असती. केक कोरडा पडतो. नेवऱ्यांचे सारण खमंग असते, पण त्या पेरादच्या शेजारी एकाच कागदावर ठेवल्यामुळे दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. एवढ्या निगुतीने केलेल्या पदार्थांच्या बांधणीत असा हलगर्जीपणा खटकतो.

तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले ते नोंदणीच्या अर्जावरील एका रकान्यामुळे. अर्जात 'स्वतःसाठी' आणि 'भेट' या दोन पर्यायांखाली 'दुःखाच्या घरी' असा तिसरा पर्याय आहे. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे, त्या घरी त्या वर्षी फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात, ही दिवाळीची रीत मराठी वाचकांना सांगायला नको. अनेक ख्रिस्ती घरांतही नाताळला हेच होते. परंतु घोडबंदर रस्त्यावरच्या पंचवीस-तीस मजली इमारतींत राहणाऱ्या कुटुंबाला शेजारी कोण, हेच अनेकदा ठाऊक नसते, आणि रीत पाळायची इच्छा असली तरी पाळणारे माणूस जवळ नसते. ही उणीव मंडळाने ओळखली आहे. तिसऱ्या पर्यायावर खूण केली की डबा कुरिअरने जात नाही. मंडळाच्या दोन स्त्रिया तो स्वतः घेऊन जातात.

आमच्याच इमारतीत, पावसाळ्यात पती गमावलेल्या एका काकूंकडे असा डबा आला, तेव्हा मी तेथे होते. आलेल्या दोघींनी डबा टेबलावर ठेवला, काकांचे नाव घेऊन छोटी प्रार्थना म्हटली आणि चहा होईपर्यंत त्या बसून राहिल्या. डबा कोणी पाठवला हे त्यांनी सांगितले नाही आणि मोबाईल बाहेर काढून छायाचित्रही घेतले नाही. काकूच बोलत होत्या, काकांना नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, तलावपाळीवरून तारे आणि दिव्यांच्या माळा आणायची किती हौस होती ते सांगत होत्या, आणि त्या दोघी ऐकत होत्या. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हा डबा साध्या पुठ्ठ्याचा असतो. स्टीलचा डबा आला असता तर तो रिकामा कसा परत करायचा, ही चिंता काकूंना लागली असती. परतफेड करू शकणार नाहीत अशांना जेवायला बोलवा, असे येशू बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. येथे परतफेडीचा प्रश्नच पुठ्ठ्याने मिटवला आहे. मंडळाने हे ठरवून केले की काटकसर म्हणून, हे मी विचारले नाही.

पत्रकांचा दर्जा सारखा नाही. सांत्वनावरचे पहिले पत्रक सर्वांत सरस आहे. बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात चाळिसाव्या अध्यायाच्या आरंभी देव आपल्या लोकांचे सांत्वन करायला सांगतो, हे वचन बाबेलच्या बंदिवासातील लोकांसाठी होते, असा संदर्भ देऊन ते पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राकडे वळते. देव आपले सांत्वन करतो ते आपणही संकटात असलेल्यांचे सांत्वन करावे म्हणून, हा तेथील विचार. त्यातून काढलेल्या सूचना अगदी व्यवहारातल्या आहेत: 'देवाची इच्छा' हे शब्द पहिल्या भेटीत उच्चारू नका, गेलेल्या व्यक्तीचे नाव टाळू नका, 'काही लागले तर सांगा' म्हणण्याऐवजी एखादे काम उचला. दयाळूपणावरचे दुसरे पत्रक मात्र बर्फाळ युरोपीय खेड्यातील एका प्रवाशाच्या गोष्टीत अडकले आहे. ठाण्यात छापलेल्या पत्रकाला इतक्या दूर जाण्याची गरज नव्हती. 1321 साली समुद्रमार्गे ठाण्यात उतरलेल्या चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातील) धर्मप्रचारकांना येथील एका नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडील एका जुन्या ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबाने आपल्या घरात ठेवून घेतले होते. त्या चौघांना पुढे येथेच ठार मारण्यात आले, आणि त्यांचे हौतात्म्य लोक आजही सांगतात. त्यांना आसरा देणाऱ्या घराची आठवण सहसा कोणी काढत नाही. परक्याला उंबरठ्याच्या आत घेण्याची याहून जवळची गोष्ट कोणती मिळणार होती?

तिसरे पत्रक दानावर आहे, आणि माझी तक्रार येथेच आहे. त्यात मायराचे बिशप संत निकोलस यांची आख्यायिका आहे. हुंड्याअभावी लग्न अडलेल्या तीन मुलींच्या घरात त्यांनी रात्रीच्या अंधारात, कोणाला कळू न देता, सोन्याच्या थैल्या टाकल्या. खाली मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, ही शिकवण आहे. पत्रक वाचून मान वर केली की नोंदणीच्या टेबलामागे फलक दिसतो, आणि त्यावर दुःखाच्या घरी व गरजू कुटुंबांकडे डबे पाठवणाऱ्यांची नावे, डब्यांच्या संख्येसह आणि उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. नावे लावली की इतरांना प्रोत्साहन मिळते, असे मंडळाचे उत्तर आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते कदाचित बरोबरही असेल. परंतु एकच डबा पाठवू शकणारी बाई त्या फलकाच्या तळाशी आपले नाव पाहून पुढच्या वर्षी टेबलापर्यंत येईल का, हे मंडळाने विचारात घेतलेले दिसत नाही. मंदिरातील पेटीत दोनच नाणी टाकणाऱ्या विधवेने सर्वांहून अधिक दिले, असे येशूने म्हटले होते. या फलकावर तिचा क्रमांक शेवटचा लागला असता. पावती पुस्तकात नोंद असतेच. फलकावर एकूण डब्यांची संख्या लिहिली तरी प्रोत्साहनाचे काम होईल.

चौथे पत्रक नेहमीच्या शुभेच्छापत्रासारखे आहे.

डबा घरपोच मिळतो, पण घोडबंदरच्या पलीकडच्या टोकाला तो नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लांबतो, म्हणून शक्य असेल त्यांनी चर्चच्या आवारातून स्वतः आणावा. यूपीआयने पैसे घेतात. नोंदणी ख्रिस्तीतरांसाठीही खुली आहे आणि टेबलावर कोणी धर्म विचारत नाही. केक अन्यत्र घ्यावा, पेराद जास्तीचा मागवावा आणि नेवऱ्या वेगळ्या पुडीत बांधून द्यायला सांगाव्यात. सांगितले तर देतात. 'दुःखाच्या घरी' डबा पाठवायचा असेल तर अर्जावर त्या व्यक्तीला भेटायची सोयीची वेळ आणि गेलेल्या माणसाचे नाव लिहावे लागते, तेव्हा ते आधी विचारून ठेवावे. आपले नाव फलकावर नको असल्यास तेही तेथेच स्पष्ट सांगावे, कारण अर्जात त्यासाठी रकाना नाही.