१४२० मेगाहर्ट्झचा संच: हायड्रोजन दिसला, परग्रहवाले नाहीत

तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्ती केली, त्यामुळे हे खेळणं मागवताना फारशी अपेक्षा नव्हती. यूएसबीला लागणारा एसडीआर डोंगल (संगणकाला रेडिओ बनवणारा छोटा रिसीव्हर) आणि १४२० मेगाहर्ट्झचा फिल्टर असलेला छोटा अँप्लिफायर, दोन्ही मिळून साडेनऊ हजार. आमच्या हिला साडेचारच सांगितलेत.

अँटेना घरचीच: पंधरा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा, आत सव्वापाच सेंटिमीटरची तांब्याची तार, तोंडाला पुठ्ठा आणि फॉइलचा कर्णा. ऑक्टोबरात रात्री आठला गच्चीवर हंस तारकासमूहाकडे कर्णा धरला, पाच मिनिटं सरासरी घेतली, आणि १४२०.४ च्या आसपास उंटाच्या मदारीसारखा उंचवटा आला. आकाशगंगेतला हायड्रोजन, त्याचा नैसर्गिक रेडिओ सूर हाच! पैसे तिथेच वसूल.

१९५९ साली कोक्कोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी परग्रहवाल्यांचे संदेश ऐकायला हीच फ्रिक्वेन्सी सुचवली होती. पलीकडे कुणी रेडिओवाला असलाच तर त्यालाही हायड्रोजनचा सूर ठाऊक असणार, हा हिशेब. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ग्रीन बँकची २६ मीटरची डिश टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्यांवर रोखली, तीही याच सुरावर. पण जिथे हायड्रोजनचीच एवढी खरखर, तिथे उभं राहून कोण हाक मारेल? मी तरी जरा बाजूला सरकलो असतो. १४२० पासून हायड्रॉक्सिल (ओएच) रेणूच्या १६६५ च्या आसपासपर्यंतच्या शांत पट्ट्याला 'पाणवठा' म्हणतात (एच आणि ओएच, मिळून पाणी), तो मला जास्त पटतो. पण या अँपचा फिल्टर तिथे काही येऊच देत नाही. फिल्टर काढला तरी डोंगलला एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झ दिसतं. म्हणजे अख्ख्या पाणवठ्यासाठी शंभर वेळा सरकवत बसा.

आता तक्रारी. डोंगल अर्ध्या तासात चहाच्या पेल्यासारखा तापतो. दुसऱ्या रात्री पडद्यावर बरोब्बर मधोमध सुईसारखी रेघ! छातीत धडधडलं. फ्रिक्वेन्सी बदलली, तर बाईसाहेब पुन्हा मधोमध हजर. म्हणजे डोंगलचीच करामत. तेव्हापासून १४२०.९ वर लावतो, हायड्रोजन आपोआप बाजूला पडतो. माहितीपत्रकात एवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं?

कनेक्टरही भलत्याच जातीचा आला. विक्रेता बदलून देईना, शेवटी मीच कापून दुसरा सोल्डर केला.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिशांशी तुलना करू नका, आणि वापरताना घरातले एलईडी दिवे बंद ठेवा. चार तारे. पाचवा कनेक्टरपायी गेला.